ट्रंकेतलं कार्ड

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मी कुरुळीहून बोलते आहे. चाकणच्या अलीकडे, नाशिक हायवेला लागून आमचं गाव आहे. आमच्या बचत गटात आम्ही चौदा जणी आहोत, त्यातल्या पाच जणींच्या घरात कुणी ना कुणी मिलिटरीतून पेन्शनीवर आलेलं आहे. कुणी इथलेच, खेड तालुक्यातले. कुणी सातारा-सांगलीकडून येऊन इथं राहिलेले. इकडं का आले? कंपन्यांमुळे. निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी या भागात कुठल्याही कंपनीच्या गेटवर जा, शिट्टी आणि रजिस्टर घेऊन उभा असलेला निम्म्या वेळा कुणीतरी माजी सैनिक असतो. आमचे हेही तसेच. मराठा लाइट इन्फंट्रीतून २०१२ साली हवालदार म्हणून पेन्शनीवर आले आणि तिसऱ्या महिन्यात गेटवर उभे राहिले.

आज मला बोलायचं आहे ते माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेबद्दल. ईसीएचएस म्हणतात तिला. पूर्ण नाव माजी सैनिक अंशदायी स्वास्थ्य योजना. नाव अवघड आहे, तुम्ही कार्डाची योजना म्हणा, सगळ्यांना कळतं. योजना पुरुषाच्या नोकरीमुळे मिळते हे खरं, पण कार्ड शोधायची वेळ येते ती बाईवर. कारण ज्याचं कार्ड तो तेव्हा खाटेवर असतो. म्हणून हे भाषण बायकांसाठी.

माझंच सांगते. २०१८ ची गोष्ट, दिवाळी नुकतीच झाली होती. यांची नाइट शिफ्ट होती. मंगळवारची रात्र उलटून पहाटेचे तीन वाजले असतील, कंपनीतून फोन आला. छातीत दुखतंय, घाम सुटलाय, आम्ही त्यांना दवाखान्यात नेतोय, तुम्ही या. कंपनीच्या लोकांनी जवळचा जो खाजगी दवाखाना होता तिथं नेलं. बरोबरच केलं त्यांनी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी दिराच्या मोटारसायकलवर बसून गेले. पोचले तेव्हा काउंटरवरच्या मुलानं पहिली गोष्ट विचारली ती ॲडव्हान्सची. पन्नास हजार भरा म्हणाला. माझ्याजवळ चार हजार होते. दिरानं एटीएममधून वीस काढले. सकाळी गटाच्या अध्यक्षबाई आल्या, त्यांनी गटाचे पन्नास हजार उसने दिले, ठराव नंतर केला. हृदयाची नळी बंद झाली होती, फुगा घालून जाळी बसवली. जीव वाचला. बिल झालं दोन लाख अठरा हजार. बाकीच्यासाठी माझं गंठण आणि सासूबाईंच्या पाटल्या बँकेत गेल्या.

आणि या सगळ्या वेळात कार्ड कुठं होतं? ट्रंकेत. मिलिटरीतून आलेली काळी लोखंडी ट्रंक तुमच्याही घरात असेल, झाकणावर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेलं. त्यात यांचा युनिफॉर्म, पदकांची डबी, डिस्चार्ज बुक आणि प्लास्टिकच्या पिशवीत ते कार्ड. पेन्शनीवर आले तेव्हा त्यांच्या पैशातून योजनेची वर्गणी कापली होती. सहा वर्षं कार्ड घरात होतं आणि सर्दी-खोकल्यालाही आम्ही ते कधी बाहेर काढलं नाही. खडकी लांब पडते, एक दिवस मोडतो, म्हणून गावातल्याच डॉक्टरांकडे जायचो.

गुरुवारी संध्याकाळी गावातले एक सुभेदार काका यांना बघायला आले. बसले, चहा घेतला आणि मला विचारलं, "पॉलिक्लिनिकला कळवलं का?" मी म्हटलं, कसलं पॉलिक्लिनिक? त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "पोरी, अठ्ठेचाळीस तासांच्या आत कळवावं लागतं. किती तास झाले?" आम्ही बोटांवर मोजलं. चाळीस झाले होते. पॉलिक्लिनिक तोवर बंद. मग माझ्या भाच्यानं तिथंच बाकावर बसून मोबाइलवरून पॉलिक्लिनिकला ईमेल केला. नाव, आर्मी नंबर, कार्डाचा नंबर, दवाखान्याचं नाव, कधी दाखल केलं, काय झालंय, एवढंच. कार्डाचा नंबर सासूबाईंनी ट्रंक उघडून फोनवर वाचून दाखवला. त्यांना अक्षरं जेमतेम येतात, आकडे येतात. शुक्रवारी सकाळी भाचा खडकीत दार उघडायच्या आधी जाऊन उभा राहिला.

तो ईमेल वेळेत गेला होता म्हणून आमचा अर्ज निदान घेतला गेला. अकरा महिन्यांनी एक लाख एकतीस हजार खात्यावर जमा झाले. उरलेले सत्याऐंशी हजार आमचे गेले ते गेले. का गेले ते सांगते, कारण इथं पुष्कळांचा घोटाळा होतो.

ही योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. त्याआधी पेन्शनीवर आलेल्या शिपायाला लष्कराचंच रुग्णालय, आणि तिथं नोकरीतल्या जवानांची गर्दी आधीच असायची. वर्षाला हजारो जवान पेन्शनीवर येतात, त्यांचे आईबाप, बायका, मुलं. तेवढ्या खाटा कुठून आणायच्या? म्हणून सरकारनं ठरवलं, गावोगाव लहान दवाखाने काढायचे, तेच पॉलिक्लिनिक. आणि मोठ्या उपचारांसाठी खाजगी रुग्णालयांशी करार करायचा. देशात आज अशी चारशेच्या वर पॉलिक्लिनिक आहेत. ज्यांच्याशी करार झालाय त्या रुग्णालयांना एम्पॅनल्ड म्हणतात. आपण यादीतला दवाखाना म्हणू या.

यादीतल्या दवाखान्यात गेलात तर पैसे तुमच्याकडून घ्यायचे नाहीत. दवाखाना बिल सरकारकडे पाठवतो. ते बिलही दवाखान्याच्या मनासारखं नाही, केंद्र सरकारच्या सीजीएचएस नावाच्या योजनेचे ठरलेले दर आहेत, त्या दरानं. यादीबाहेरच्या दवाखान्यात जिवावरचा प्रसंग म्हणून गेलात, तर आधी पैसे तुम्ही भरायचे, मग अर्ज करायचा आणि परत मिळतात ते त्याच ठरलेल्या दरानं. दवाखान्यानं दोन लाख लावले आणि सरकारी दर सव्वा लाख असला, तर सव्वा लाखच येणार. आमचे सत्याऐंशी हजार असे गेले. कुणी खाल्ले नाहीत, नियमात गेले. पण आम्हाला नियम माहीत नव्हता. यादीतला दवाखाना तिथून दहा-बारा किलोमीटरवर होता हे मला दोन महिन्यांनी कळलं.

आता कुणी म्हणेल, मग बाई, दुखत असताना यादीतल्या दवाखान्याकडेच पळायचं का? नाही. रात्रीच्या वेळी ठीक आहे, पण दिवसा मोशी ते चाकण रस्त्यावर काय हाल असतात ते मी तुम्हाला सांगायला नको. माणूस जातोय असं वाटलं तर जो दवाखाना पहिला दिसेल तिथं न्या. पैसे नंतर. मात्र यादीतला दवाखाना तितक्याच अंतरावर असेल, तर तो कुठला हे तुम्हाला आधीपासून तोंडपाठ पाहिजे. पॉलिक्लिनिकमध्ये यादी मिळते. ती जुनी ठेवू नका, करार संपतात, नवे दवाखाने येतात, काही गळतात. मी वर्षातून दोनदा नवी यादी आणते आणि आपल्या बाजूचे, म्हणजे भोसरी, पिंपरी, चिंचवडकडचे दवाखाने लाल पेनानं खुणा करून फ्रिजच्या दारावर लावते. कुठल्या दवाखान्याला कुठल्या आजारासाठी मान्यता आहे तेही त्यात असतं. डोळ्यांसाठी मान्यता असलेल्या दवाखान्यात हृदयाचा पेशंट घेऊन गेलात तर उपयोग नाही.

तातडीची वेळ असेल तर यादीतल्या दवाखान्यात चिठ्ठीशिवाय थेट जाता येतं. दारातच सांगायचं, ईसीएचएसचा पेशंट आहे, आणि कार्ड दाखवायचं. पुढं कळवायचं काम त्या दवाखान्याचं. तिथं कुणी ॲडव्हान्स मागितला तर भरू नका, कागदावर लिहून द्या म्हणा. बहुतेक वेळा एवढं म्हटलं की मागणं थांबतं. नाही थांबलं तर पॉलिक्लिनिकच्या प्रमुखांना फोन करा, पुण्यात या योजनेचं रीजनल सेंटरही आहे. तुम्ही स्वतःहून वरच्या वर्गाची खोली मागितलीत, तर मात्र फरक तुमचा.

एरवीची रीत अशी. आधी पॉलिक्लिनिक. तिथला डॉक्टर तपासतो, जमलं तर तिथंच औषध देतो. मोठ्या डॉक्टरची किंवा ऑपरेशनची गरज असेल तर चिठ्ठी देतो, तिला रेफरल म्हणतात. आजारावर मान्यता असलेल्या यादीतल्या दवाखान्यांपैकी कुठला निवडायचा हा हक्क तुमचा आहे. काउंटरवर कुणी म्हणालं, इथंच जा, तर विचारा का. चिठ्ठीला मुदत असते, ती तारीख आधी बघून घ्या. आमच्या शेजारच्या वहिनींनी तपासणीची चिठ्ठी घेतली, मध्ये कांद्याची लागण आली, आणि गेल्या तेव्हा मुदत संपलेली. पुन्हा खडकी, पुन्हा रांग. ठरावीक वयाच्या पुढच्या म्हाताऱ्यांना बाहेरच्या तपासणीसाठी चिठ्ठीशिवाय यादीतल्या दवाखान्यातल्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जाता येतं. ही सवलत घरातल्या म्हाताऱ्यांना माहीत नसते आणि आपण त्यांना बसमधून हिंदकळत खडकीला नेतो.

कुरुळीहून खडकी वीस-पंचवीस किलोमीटर. भोसरीला बस बदलायची. पावसाळ्यात जाऊन येऊन दिवस जातो. मी मध्ये कुठंतरी वाचलं, अमेरिकेतही माजी सैनिकांसाठी सरकारी दवाखाने आहेत, आणि तिथंही रांगा लांबल्या म्हणून २०१४ साली मोठा गहजब झाला होता. मग २०१८ साली त्यांनी कायदा केला. घरापासून साध्या डॉक्टरकडे गाडीनं जायला सरासरी अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल, किंवा तज्ज्ञ डॉक्टरकडे तासाहून जास्त, तर सरकारच्या पैशानं खाजगी डॉक्टरकडे जायला माणूस पात्र होतो. वाचून मला हसू आलं. आमच्याकडे अर्ध्या तासात मोशीचा चौक ओलांडला तरी पुष्कळ. पण विचार करण्यासारखं आहे. अंतर मिनिटांत मोजलं पाहिजे, किलोमीटरमध्ये नाही. आपल्या मागण्यांमध्ये ही एक मागणी घालायला हरकत नाही.

दवाखान्यांची बाजूही सांगायला हवी. ठरलेले दर कमी आहेत आणि सरकारकडून बिलं वेळेवर मिळत नाहीत, अशी त्यांची ओरड असते. ती सगळी खोटी नाही. २०१५ मध्ये कॅगनं, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या सर्वोच्च यंत्रणेनं, या योजनेवर अख्खा अहवाल काढला. पॉलिक्लिनिकमध्ये औषधं नसणं आणि बिलांचा उशीर, दोन्ही त्यात आलं. बिलं अडकली की काही दवाखाने कार्ड बघून "आज खाट शिल्लक नाही" म्हणतात. याला माझ्याकडे जादूचा उपाय नाही. खाट नाही असं म्हणाले तर दवाखान्याच्या नावासह, वेळेसह वहीत लिहून ठेवा आणि पॉलिक्लिनिकला लेखी द्या. एकीच्या तक्रारीनं हलत नाही, पाच जणींच्या हलतं. आम्ही पाच जणींनी सह्या करून एकदा दिली होती. त्यानंतर त्या ठिकाणी निदान नीट बोलायला लागले.

आता दुसरी गोष्ट सांगते, ती मला पहिलीपेक्षा जास्त लागते.

आमच्या आळीत एक आजी आहेत. त्यांचे मालक १९७९ साली शिपाई म्हणून पेन्शनीवर आले, पुढं वारले. आजींना कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं. डोळ्याला काचबिंदू होता. काचबिंदूत दुखत नाही, नजर बाजूबाजूनं हळूहळू जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही. रोज थेंब घालावे लागतात, जन्मभर. ते थेंब महाग. आजी पेन्शन झाली की एक बाटली आणायच्या, संपली की पुढच्या पेन्शनपर्यंत तसंच. कधी नातवाची फी आली की दोन-दोन महिने थेंब नाहीत. कुणाला बोलल्या नाहीत. एक डोळा गेला.

मी आमच्या अनुभवानंतर सगळ्यांना विचारत फिरायला लागले तेव्हा त्यांना विचारलं, आजी, तुमचं कार्ड आहे का? म्हणाल्या, "आमचे पूर्वीचे, आम्हाला कुठलं कार्ड?" मैत्रिणींनो, नेमकं उलटं आहे. १ जानेवारी १९९६ च्या आधी जे पेन्शनीवर आले त्यांना वर्गणी माफ आहे. एक रुपया नाही. वीरपत्नींनाही माफ आहे. इतरांना एकदाच भरावी लागते. २०१७ च्या डिसेंबरअखेर ठरलेले दर असे: शिपायापासून हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदारापासून सुभेदार मेजरपर्यंत ६७,०००, अधिकाऱ्यांना १,२०,०००. आजींना काहीच भरायचं नव्हतं, आणि पॉलिक्लिनिकमधून थेंब फुकट मिळाले असते.

मग कार्ड काढायला घेतलं, तर नाव आडवं आलं. हे फक्त बायकांच्याच वाट्याला येतं. समजा माहेरचं नाव शेवंता. लग्नात तांदळात नाव लिहिलं सुमन. मालकांनी लष्करात नोंद करताना शेवंताच लिहिलं, कारण तेव्हा तेच तोंडात होतं. मतदार यादीत सुमनबाई. आधारवर सुमन, आणि जन्माचं साल अंदाजे. झाल्या ना तीन बाया? लष्कराच्या कागदावरची बाई वेगळी, बँकेतली वेगळी, आधारवरची वेगळी. आजींचं अगदी असंच झालं होतं. तोंडी सांगून कुणी ऐकत नाही, आणि त्यांचंही खरं आहे, दुसऱ्याच्या नावावर पेन्शन खाणारे असतातच.

त्यासाठी काय करावं लागलं ते सांगते. मालक ज्या पलटणीचे, तिचं रेकॉर्ड ऑफिस असतं, बायकोचं नाव तिथं नोंदलेलं असतं. मराठा पलटणीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं आपल्या खडकीला. पण तुम्ही बेळगावला जायची गरज नाही. पुण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, अर्ज तिथून पुढं जातो. तिथले कल्याण संघटक तालुक्याच्या ठिकाणीही येतात, त्यांची तारीख विचारून घ्यायची. आजींसाठी आम्ही प्रतिज्ञापत्र केलं, दोन्ही नावांची बाई एकच असं. वर्तमानपत्रात जाहिरात दिली. डिस्चार्ज बुक, पेन्शनचं पीपीओ, मालकांचा मृत्यूचा दाखला, आधार, पॅन जोडलं. डिस्चार्ज बुकाची दोन पानं वाळवीनं खाल्ली होती. दोन वर्षं लागली. २०२१ मध्ये कार्ड आलं. पीपीओ म्हणजे पेन्शन मंजूर झाल्याचा कागद, त्यावर नंबर असतो. तो नंबर नसेल तर कुणीच काही करू शकत नाही.

आता आजी थेंब नेमानं घालतात. उरलेल्या डोळ्यानं त्यांना पोथीतली मोठी अक्षरं दिसतात. पहिल्यांदा औषधाची पिशवी घेऊन पॉलिक्लिनिकच्या पायऱ्या उतरल्या तेव्हा मला म्हणाल्या, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर." मी काय बोलणार? मीच सहा वर्षं कार्ड ट्रंकेत ठेवलं होतं.

ज्यांचे मालक हयात नाहीत त्यांच्यासाठी एक गोष्ट. मालकांच्या कार्डावर तुमचं नाव होतं म्हणून तेच चालत राहील असं समजू नका. ते गेले की मुख्य सभासद तुम्ही होता. कुटुंब निवृत्तीवेतन तुमच्या नावावर सुरू करून घ्यायचं आणि त्याचा पीपीओ लावून तुमच्या नावाचं कार्ड मागायचं. तेराव्यानंतर घरातले पुरुष सातबारा बघतात, विमा बघतात. हे बघायचं काम आपणच करायचं.

काही बायका म्हणतात, कार्ड काढलं की पेन्शनमधला महिन्याचा १,००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता बंद होतो, मग कशाला? भत्ता बंद होतो हे खरं आहे. पण आमची जाळी आठवा, आणि आजींचा डोळा. १,००० रुपये महिना म्हणजे वर्षाला बारा हजार. कुठल्या दवाखान्यात बारा हजारात सुटका होते सांगा मला.

घरातलं कोण कोण बसतं त्यात? नवरा, बायको. मुलगा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत, आणि त्याआधी कमवायला लागला किंवा लग्न झालं तर तिथंच थांबलं. मुलीला वयाची अट नाही, ती कमवायला लागेपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत. रीतसर घटस्फोट झालेली किंवा विधवा झालेली मुलगी तुमच्यावर अवलंबून असेल तर तिलाही मिळतं. अपंग मुलाला वयाची अट नाही, दाखला लागतो. आईवडिलांचं मिळून उत्पन्न महिना ९,००० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता यापेक्षा कमी असेल तर तेही. सून बसत नाही, नातवंडं बसत नाहीत. सुनेच्या बाळंतपणाला सासऱ्यांचं कार्ड घेऊन गेलेली एक बाई मला माहीत आहे, बिचारीला सगळ्यांसमोर परत पाठवलं. सुनेसाठी मुलाच्या कंपनीचं ईएसआय बघा. पगार २१,००० च्या आत असेल तर कंत्राटी कामगारालाही ते लागू होतं, चिंचवडला मोहननगरला त्यांचं रुग्णालय आहे. नाहीतर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहेच. या तीन वेगळ्या योजना आहेत, कार्डं एकत्र ठेवा पण डोक्यात एकत्र करू नका.

आणि ज्यांची मुलं पहाटे उठून भरतीसाठी धावतात त्या मावश्यांनो, रागावू नका, पण माहीत असू द्या. २०२२ पासून अग्निवीर म्हणून जे भरती होतात, त्यातले चार वर्षांनी बाहेर पडणार त्यांना पेन्शन नाही आणि हे कार्डही नाही. शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस पुढं कायम होणार, त्यांची गोष्ट वेगळी. पोराला जाऊ नको म्हणा असं मी म्हणत नाही. माझा पुतण्याही धावतो. त्याच्या आईला मी सांगितलं, त्याच्या पहिल्या पगारापासून आजारपणाची वेगळी तजवीज ठेव.

औषधाबद्दल राहिलंच. पॉलिक्लिनिकमध्ये लिहून दिलेलं औषध नसलं तर गप परत येऊ नका. औषध उपलब्ध नाही असा शेरा घ्या. मग त्यांच्या ठरलेल्या दुकानातून मिळतं, किंवा बाहेरून घेऊन बिल लावता येतं. शेरा नसेल तर बिल मंजूर होत नाही. मी एका वर्षी यांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्यांची सगळी बिलं जपून ठेवली होती, एकावरही शेरा नव्हता. ती बिलं अजून आहेत माझ्याकडे.

आणि यादीबाहेरच्या दवाखान्यात जायची वेळ आलीच, तर निघताना या गोष्टी मागून घ्या: डिस्चार्ज कार्ड, खर्चाची बारीक फोड असलेलं मूळ बिल, प्रत्येक पैसे भरल्याची पावती, तातडीनं दाखल केल्याचं डॉक्टरांचं सहीशिक्क्याचं पत्र. जाळी बसवली असेल तर जाळीच्या पाकिटावरचं स्टिकर. हे स्टिकर मिळवायला भाच्याला तीन खेपा घालाव्या लागल्या. झेरॉक्स काढून मूळ कागद द्यायचे, आणि दिल्याची पोच घ्यायची.

आमच्या घरी आता कार्ड ट्रंकेत नसतं. देवघराशेजारी खिळ्याला एक पिशवी टांगलेली आहे, त्यात दोघांची कार्डं, पीपीओची झेरॉक्स, पॉलिक्लिनिकचा फोन आणि ईमेल मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद. कार्डाचा फोटो यांच्या, माझ्या आणि दिराच्या मोबाइलमध्ये आहे. कंपनीच्या गेटवरही एक झेरॉक्स ठेवलीय, कारण हे अजून कामाला जातात, ऐकत नाहीत.

येत्या महिन्यात आमचा गट कुरुळीत एक दुपार बसणार आहे, ज्यांना कागद बघून घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी. चिंबळी, निघोजे, मोई, आसपासच्या कुठल्याही गावच्या बायकांनी यावं. तारीख याच रेडिओवर सांगू. सुभेदार काका येणार आहेत, भाचा लॅपटॉप घेऊन बसेल. येताना डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि मालक नसतील तर मृत्यूचा दाखला आणा. नावात फरक आहे असं वाटलं तर लग्नपत्रिका असली तर तीही आणा, जुनी असू दे. कुणी एजंट तुम्हाला पाच-दहा हजारात कार्ड काढून देतो म्हणाला असेल तर त्याला पैसे द्यायच्या आधी या. आणि आळीत कुणी म्हातारी एकटी राहत असेल, भिंतीवर युनिफॉर्ममधला फोटो असेल, तर तिला बरोबर घेऊन या, रिक्षाचं आम्ही बघू.